काउंटरच्या आधी कळायला हवं

माझ्या धाकट्या दिरांचं आणि जावेचं एक जुनं भांडण मी ऐकलं होतं. मुद्दाम नाही ऐकलं. ते वरच्या मजल्यावर, आम्ही खालच्या, आणि मधला जिना असा की वर कुणी पुटपुटलं तरी खाली शब्द सुटा ऐकू यायचा. मी भाजी निवडत होते. निवडायची थांबले, एवढाच माझा गुन्हा.

जावेच्या माहेरची माणसं त्या दिवशी जेवायला आली होती आणि भाऊजी दोन तास उशिरा उगवले. का, तर लायब्ररीतलं मशीन गरम झालं होतं. पाहुणे जिना उतरले तशी जाऊ म्हणाली, "त्या डब्याला नुसतं कोमट वाटलं तरी तुम्ही धावत सुटता. मी तापाने फणफणले तरी तुमचा पेपर काही खाली येत नाही."

भाऊजी म्हणाले, "अगं, डब्याला बोलता येत नाही, म्हणून जाऊन बघावं लागतं. तू तर बोलतेस."

बोलणं खरं होतं, पण नवऱ्याने बायकोला ऐकवावं असं नव्हतं. जावेनं पुढे अडीच दिवस तोंडातून अक्षर काढलं नाही. न बोलल्यावर तरी येऊन बघतात का, हे तिला पाहायचं होतं. तिसऱ्या दिवशी भाऊजी खाली आले आणि मलाच विचारू लागले, "वहिनी, हिचा घसा बसलाय का हो?" मी कपाळावर हात मारला आणि त्यांना वर पिटाळलं. पुढचं मात्र मला काही ऐकू आलं नाही. फारच हळू बोलत असावीत.

असे आमचे भाऊजी. माणूस म्हणाल तर शंभर नंबरी, फक्त समोरच्याने काही सांगितल्याशिवाय त्यांना ते दिसायचं नाही. न सांगता दिसायचं ते फक्त मशीनचं.

मूळचे ते लायब्ररीतले बाइंडर. फाटकी पुस्तकं सोडवायची, पानं नीट जुळवून शिवायची, खळ लावून दाबात ठेवायची, हे त्यांचं काम. बोटांना कायम खळीचा वास. मग लायब्ररीत कॉम्प्युटर आले. काउंटरवर दोन, वाचकांसाठी तीन, आणि त्या सगळ्यांचा मालक म्हणून एक मोठा, ज्याला सर्व्हर म्हणतात. कोणतं पुस्तक कुणाकडे आहे, कधी परत येणार, कोणत्या कपाटात आहे, हे सगळं त्या एकट्याच्या पोटात. बाकीचे नुसते त्याला विचारणारे. त्याला ठेवायला कुलूप लागणारी खोली हवी होती, आणि कुलूप होतं फक्त बाइंडिंगच्या खोलीला. तेव्हा सर्व्हर भाऊजींच्या शेजारी येऊन बसला आणि त्याची चाकरीही आपसूक त्यांच्या गळ्यात पडली. शिकवणारं कुणी नव्हतं. मशीनबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक त्यांनी आधी नव्याने बांधून घेतलं, कारण मूळची बांधणी त्यांना पटली नव्हती. मग ते वाचलं.

तासातासाला ते मशीनच्या मागे तळहात धरायचे. तिथून गरम हवा येते. हवेच्या झोताचा अंदाज घ्यायचे, कान लावायचे, पडद्यावरचे दोन-तीन आकडे बघायचे आणि स्वतः शिवलेल्या वहीत मांडून ठेवायचे. लायब्ररीतली मंडळी त्यांना वैद्यबुवा म्हणायची. ते चिडायचे नाहीत. म्हणायचे, "वैद्यच आहे. फक्त पेशंट एकच आहे आणि तो म्हातारा आहे."

तो खरोखर म्हातारा झाला होता. महिन्यातून एकदा तरी अडकायचा. अडकला की काउंटरवर पुस्तक ना देता यायचं ना घेता, आणि रांग दारापर्यंत. नवीन घ्यायचं कमिटीच्या मनात दरवर्षी यायचं आणि दरवर्षी निघून जायचं.

तर अशात माझी जाऊ पडली. पडदे धुवायला काढायचे म्हणून स्टुलावर चढली. स्टूल राहिलं तिथेच, ही मात्र खाली आली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाडात रॉड घातला, आणि जिना चढायचा प्रश्नच नव्हता म्हणून तिचा पलंग आम्ही खाली, माझ्या पुढच्या खोलीत, खिडकीशी मांडला.

व्यायाम घ्यायला बाई यायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी भाऊजींना स्पष्ट सांगितलं, की मी आठवड्यातून दोनदा येणार, पण हे रोज व्हायला हवं. सकाळी एकदा, दुपारी एकदा, तीन महिने. पाय उचलायचा, धरायचा, सोडायचा, मग उभं करायचं, चालवायचं. धरायला दमदार माणूस हवा. यात हयगय झाली तर या कायमच्या वॉकर घेऊन फिरतील.

घरात दमदार असं कोण होतं? माझे गुडघे असे की मी बसले तर मला उठवायलाच दुसरा माणूस लागतो. आमच्या ह्यांना तेव्हा डोळ्यांनी कमी दिसायला लागलं होतं. राहिले भाऊजी. त्यांची रजा तर दवाखान्यातच संपून गेली होती.

ते ग्रंथपालबाईंकडे गेले. बाई कडक, पण समोरच्याचं ऐकून घेणाऱ्या. सकाळी अकरा ते दोन लायब्ररीत या, बाकीचं घरून बघा, असं त्या म्हणाल्या. मात्र एक अट घातली. ती भाऊजींनी घरी येऊन आम्हाला जशीच्या तशी ऐकवली: "मशीन अडकलं तर ते काउंटरच्या आधी तुम्हाला कळायला हवं. काउंटरवरून तुम्हाला फोन करून सांगायची वेळ आली, तर त्या दिवसापासून सवलत बंद."

एक फोन वाजला की जावेचा दुपारचा व्यायाम बुडाला, अशी सगळी गोष्ट येऊन ठेपली. आणि तळहात तर घरून लावता येत नव्हता.

मग भाऊजी शोधाला लागले. मशीनवर नजर ठेवणारे प्रोग्राम असतात म्हणे. मशीन किती कामात आहे, त्याची मेमरी किती भरली, डिस्कवर जागा किती उरली, किती कामं रांगेत तिष्ठत उभी आहेत, हे सगळं ते एका पानावर दाखवतात आणि ते पान इंटरनेटवरच्या पानासारखं कुठूनही उघडता येतं. घरात एक जुना टॅब्लेट होता, त्यावर ते उघडायचं असा बेत. भाऊजींनी नवी वही शिवली आणि एकेका प्रोग्रामला एकेक पान दिलं, जसं मुलीला स्थळं बघताना देतात. हा मशीनमधली किती जागा अडवतो. हा रोज किती लिहून ठेवतो. ह्याचं नमुन्याचं पान टॅब्लेटवर उघडायला किती वेळ घेतं. शेवटची परीक्षा माझ्याकडे होती. मी स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे बघून सांगायचे.

पहिलं स्थळ फार देखणं होतं. काय ते रंग, काय ती वर्तुळं. पन्नास तरी चित्रं असतील पानावर. उघडायला मात्र इतका वेळ लागला की मी गॅसवर दूध ठेवलं, ते तापलं आणि उतू जाता जाता मी धरलं, तरी पानावर आपलं एक चक्र फिरतच होतं. पण भाऊजी भुलले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच लायब्ररीत बसवला.

तासाभरात काउंटरवर रांग लागली. मशीन अडकलं नव्हतं, दमलं होतं. शोधून बघतात तर मशीनची अर्धी ताकद हा पाहुणाच खात होता. रखवालीला माणूस ठेवावा आणि घरातल्या सगळ्यांचं जेवण त्याने एकट्याने उरकावं, तशी गत. त्यात लायब्ररीतल्या मंडळींना ती रंगीत चित्रं इतकी आवडली की ज्याने त्याने आपापल्या कॉम्प्युटरवर उघडून ठेवली. बघणारा वाढला की मशीनला प्रत्येकासाठी नव्याने चित्र काढावं लागायचं. मशीन दमलंय का हे सगळे मिळून बघत होते, म्हणून ते आणखी दमत होतं. भाऊजी त्या वेळी नशिबाने तिथेच होते, त्यामुळे ग्रंथपालबाईंनी ते धरलं नाही. फक्त म्हणाल्या, "वैद्यबुवा, औषध हलकं बघा."

संध्याकाळी भाऊजी माझ्यापाशी बसून सांगत होते. "वहिनी, तो प्रोग्राम वर्षभराचं सगळं सांभाळून ठेवतो. मागच्या वर्षी एका मंगळवारी सव्वातीनला काय झालं, हे मला करायचंय काय? आत्ता काय चाललंय तेवढं कळलं की बास."

पलंगावरून जाऊ म्हणाली, "हे लग्नाच्या वेळी कळलं असतं तर बरं झालं असतं. मला तर मागच्या वर्षीचं सगळं पाठ असतं."

दुसरं स्थळ अगदीच साधं निघालं. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. हलकं होतं, भाऊजींना पसंत पडलं. पण टॅब्लेटवर ती अक्षरं मुंगीएवढी, आणि दर थोड्या वेळाने नाव-गाव-पासवर्ड पुन्हा विचारायचं. एका हाताने बायकोचा पाय धरलेला माणूस दुसऱ्या हाताने किती वेळा पासवर्ड घालणार? त्या पानावर त्यांनी उभी रेघ मारली.

तिसरं मात्र जमलं. पान एकच. त्यावर कामाप्रमाणे वर-खाली होणाऱ्या चार रेघा आणि चार आकडे, दर पाच सेकंदांनी बदलणारे. मी घड्याळाकडे बघेपर्यंत उघडलंसुद्धा. मशीनला त्याचं काही ओझं नाही, आणि कुणी बघत नसेल तर ते मुकाट झोपून राहतं. भाऊजी मला म्हणाले, "वहिनी, हे बारीक शिवणीचं काम आहे." त्यांच्या तोंडची ती मोठी शाबासकी.

टॅब्लेट खिडकीत उभा राहिला आणि आमच्या पुढच्या खोलीची अर्धी लायब्ररी झाली. जावेनं त्याचा भलताच उपयोग शोधला. व्यायामाच्या बाईंनी सांगितलं होतं, पाय उचलून दहा सेकंद धरायचा. भाऊजी मोजायचे, पण ते मशीनकडे बघता बघता मोजायचे, त्यामुळे त्यांचे दहा कधी सहालाच संपायचे, तर कधी पंचवीसपर्यंत जायचे. तेव्हा ती म्हणाली, तुम्ही नुसता हात खाली धरा, मोजायचं माझं मी बघते. आकडे दोनदा बदलले की दहा सेकंद झाले. आकडे बदलायचे, पुन्हा बदलायचे, पाय खाली. असे वीस वेळा. मी भाजी निवडत बघत बसायचे. सुरुवातीला ती ओठ चावून धरायची, मग हळूहळू बोलत बोलत उचलायला लागली, आणि पाचव्या आठवड्यात तर पाय वर ठेवून मला म्हणायची, "ताई, तीन वाजले की लायब्ररी कशी झोपते बघा. रेघ अगदी आडवी होते."

त्याच आठवड्यातली एक दुपार. व्यायाम चालला होता. भाऊजींचा हात तिच्या टाचेखाली, नजर खिडकीत. रेघ आडवी, सुतासारखी सरळ. भाऊजी खूश होते. मला म्हणाले, आज मशीन काय शांत आहे बघा, इतकं एकसारखं महिन्याभरात चाललं नाही. आणि मग त्या रेघेचं कौतुक सांगत बसले.

जाऊ म्हणाली, "अहो, माझा पाय अजून वरच आहे."

भाऊजी म्हणाले, "असू दे, असू दे, छान धरलायस. ताकद आली म्हणायची."

"ताकद गेली खड्ड्यात. आकडे बदलतील तर खाली घेऊ ना. मघापासून बदललेच नाहीत."

भाऊजींनी पानाकडे नीट बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. चूक त्यांची होती, आणि वर्षानुवर्षं हात लावून बघणाऱ्या माणसाची ती चूक होती. प्रोग्राम त्यांनी बसवला होता त्याच मशीनवर. मशीन अडकलं तर सांगणाराही त्याच्यासोबत अडकणार, आणि पानावर राहणार ते शेवटचं चांगलं चित्र. रेघ शांत नव्हती, थांबली होती. मशीनला हात लावला असता तर एका क्षणात कळलं असतं, पण इथे हात बायकोच्या टाचेखाली होता आणि पान म्हणत होतं की सगळं ठीक आहे.

त्यांनी पाय हळूच खाली ठेवला, तेवढं मात्र विसरले नाहीत, आणि फोन उचलला. मला वाटलं, आत्ता वाजेल, हातातच वाजेल. वाजला नाही. त्यांनीच लावला. काउंटरवरच्या बाईंना म्हणाले, "मशीन अडकलंय. आठ मिनिटांत पोचतो, तोवर पुस्तकं वहीत लिहून घ्या."

पलीकडून काय उत्तर आलं ते त्यांनी मग सांगितलं. त्या म्हणाल्या, अडकलंय का? इथे तर कुणाला पत्ताच नाही. एक आजोबा पुस्तक घेऊन आलेत, पण ते अजून खिशात चष्मा शोधतायत.

भाऊजी सायकल काढून गेले. आजोबांचा चष्मा सापडला आणि मशीन सुरू झालं, दोन्ही साधारण एकाच वेळी.

आता दुसरा कुणी असता तर मूग गिळून बसला असता. अट तर पाळली गेली होती. पण भाऊजी तसेच ग्रंथपालबाईंच्या खोलीत गेले आणि सांगून आले, की काउंटरच्या आधी कळलं हे खरं, पण मला नाही कळलं, बायकोच्या पायाला कळलं. माझी मांडणीच चुकली होती. बाईंनी विचारलं, मग आता? भाऊजी म्हणाले, दोन दिवस द्या. बाई म्हणाल्या, दोन दिवस घ्या, आणि पायाला माझा नमस्कार सांगा.

त्या दोन दिवसांत वही पुन्हा उघडली. भाऊजींनी एक गोष्ट पक्की केली. सांगणारा आता मशीनवर राहणार नाही. बाइंडिंगच्या खोलीत एक जुना, निवृत्त कॉम्प्युटर धूळ खात होता, त्याच्यावर राहील, आणि तिथून दर पाच सेकंदांनी मशीनला हाक मारील. तसे दोन प्रोग्राम त्यांना सापडले, दोन्ही हलके. एकात रेघ फार सुरेख होती, बारीक, गुळगुळीत. दुसऱ्यात रेघ जाडीभरडी, पण वरती मोठ्या अक्षरात लिहून यायचं, शेवटचं उत्तर किती सेकंदांपूर्वी आलं ते. भाऊजींचा जीव सुरेख रेघेवर. बाइंडर माणूस, कड सरळ दिसली की विरघळणारच.

दोन्ही पानं त्यांनी जावेसमोर धरली. तिने काही क्षण बघितलं आणि म्हणाली, "मला रेघ नको. त्याने शेवटचं तोंड कधी उघडलं, तेवढं सांगणारं द्या."

"अगं, पण ही रेघ बघ तरी."

"बघितली. त्या दिवशीही बघतच होतो आपण."

भाऊजींनी सुरेख रेघेचं पान मिटलं. जाडीभरडी रेघ बसली. पुढे मशीन आणखी तीनदा अडकलं. वरचा आकडा पाच, दहा, पंधरा असा चढायला लागला की जाऊ पलंगावरून हाक मारायची, मग भाऊजी सगळं टाकून फोनकडे जायचे आणि काउंटरला बातमी घरून मिळायची. तिसऱ्या वेळी तर ती हाक मारून थांबली नाही. वॉकर धरून स्वतः उठली, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत चालत आली आणि भाऊजींच्या हातातलं ताट काढून घेतलं. ताट गेलं तेव्हा भाऊजींच्या लक्षात आलं, की ही चालत आली.

तीन महिन्यांनी व्यायामाच्या बाईंनी वॉकर परत नेला. काठी राहिली, ती सहा महिन्यांत जिन्याखाली गेली. पलंग पुन्हा वर चढला. टॅब्लेटही वर गेला, आणि माझ्या खिडकीत काही दिवस उगाचच मोकळं मोकळं वाटत होतं. सवलत ग्रंथपालबाईंनी काढली नाही. म्हणाल्या, घरून दोन माणसं बघतात, इथे एकच बघत होता, माझा तोटा काय?

भाऊजी निवृत्त झाले तो शनिवार होता. सकाळी दहाला लायब्ररीत छोटा समारंभ ठेवला होता. जाऊ आणि मी, दोघीही गेलो. चहा झाला, भाषणं झाली. ग्रंथपालबाई चांगलं बोलल्या, कमिटीतले एक गृहस्थ फार बोलले. भाऊजी खुर्चीच्या टोकाशी बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. शनिवारी त्यांचं एक काम असायचं. सगळ्या नोंदींची दुसरी प्रत एका डिस्कवर भरलेली असायची. ती पूल ओलांडून पलीकडच्या शाखेत नेऊन ठेवायची, म्हणजे इथे काही झालं तरी तिथे सगळं शाबूत. शनिवारी ती शाखा एकला बंद व्हायची. गृहस्थांचं भाषण बाराला दहा कमी असताना संपलं. भाऊजी उभे राहिले, सगळ्यांना हात जोडले, आता दोन शब्द बोलतील म्हणून सगळे शांत बसले, तर ते बाइंडिंगच्या खोलीत गेले आणि डिस्कची पिशवी घेऊन बाहेर आले.

जाऊ आधीच दाराशी उभी होती. मी त्यांच्या मागे निघाले, पण पुलाच्या अलीकडच्या बाकापर्यंतच पोचले. तिथे टेकले आणि बघत राहिले. पुलावर दिव्याचे खांब आहेत. ती बरी होत होती तेव्हा दर तिसऱ्या खांबापाशी दोघं थांबायची, तिला दम खायला. आता तिला थांबावं लागत नाही, पण भाऊजी थांबलेच. ती चार पावलं पुढे जाऊन उभी राहिली, मागे वळून काहीतरी म्हणाली, आणि त्यांनी पिशवी तिच्या हातात दिली. मग दोघं पुढे गेली.

शाखेतल्या माणसाने डिस्क कपाटात ठेवली, मागच्या शनिवारची काढून दिली. भाऊजींनी दोन्हींवरचे नंबर चष्मा वर करून वाचले, पावतीवर तारीख आणि वेळ घातली, सही घेतली. साडेबाराला दोघं पुलावरून परत आली, जुनी डिस्क लायब्ररीतल्या खणात ठेवली, खणाला किल्ली लावली, आणि मला बाकावरून उठवून आम्ही तिघं जेवायला घरी आलो.